तंबू छताला टांगण्याआधी वजनाचा हिशेब

मार्च उजाडला की मिनेसोटातल्या तळ्यांवरची वस्ती उठू लागते. रात्री बर्फावरच सोडून ठेवलेली मासेमारीची खोपटी राज्याच्या दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तर भागात तिसऱ्या सोमवारपर्यंत हलवावी लागतात, असा तिथला नियम आहे. घडीच्या तंबूंना एवढी घाई नसते. ते सकाळी उभारून संध्याकाळी घरी आणता येतात. पण एप्रिलात बहुतेक तळ्यांवरचा बर्फच वितळून जातो, आणि मिनियापोलिसच्या उपनगरांत, विस्कॉन्सिनमध्ये किंवा ओंटारिओत राहणाऱ्या मराठी घरांनाही त्यांच्या शेजाऱ्यांसारखाच प्रश्न पडतो : हा पाच फुटी बोजा पुढचे सात-आठ महिने ठेवायचा कुठे? तळघरात न्यायचा तर जिन्यावरून ओढावा लागतो. गॅरेजच्या जमिनीवर गाड्या, गवत कापायचं यंत्र आणि मुलांच्या सायकली आधीच ठाण मांडून असतात. मग नजर आपोआप वर जाते, छताकडे.

हा विचार मला चुकीचा वाटत नाही. जमिनीवर ठेवलेल्या तंबूला गाड्यांच्या चाकांबरोबर आलेला मिठाचा चिखल लागतो, खालून ओल येते, आणि उंदरांना आयतं घर मिळतं. वर टांगल्याने यातल्या बऱ्याच गोष्टी टळतात. पण आपल्याकडे माळ्यावर सामान टाकताना जागा आहे का एवढंच पाहायची सवय आहे, आणि ती सवय इथे घातक ठरू शकते. तंबू टांगायचा की नाही हे छताखालच्या मोकळ्या जागेवरून ठरवू नये. त्याचं वजन हुकातून पुढे कुठे आणि कसं जातं, यावरून ठरवावं. ही कसोटी लावली तर हब जातीचा कोरडा तंबू बिनधास्त वर जाऊ शकतो, आणि दोघांचा मोठा फ्लिप-ओव्हर बहुतेक घरांत खालीच राहिलेला बरा, असं माझं मत आहे. ते कसं, ते पाहू.

घडीचे तंबू मुख्यतः या दोन जातींचे असतात. हब तंबूच्या चार भिंती आणि छप्पर यांच्या प्रत्येकी मध्यावर एक चकती असते, आणि तिथून कोपऱ्यांकडे फायबरग्लासच्या काड्या जातात. चकतीचा पट्टा बाहेर खेचला की भिंत टपकन फुगून ताठ होते. मिटवल्यावर सगळा पसारा एका लांबट पिशवीत मावतो. तीन माणसांचा, अस्तर नसलेला साधा हब दहा किलोंच्या आसपास भरतो. उबेसाठी आत थर शिवलेला मोठा तंबू वीस-पंचवीस किलोंपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. फ्लिप-ओव्हरचं तंत्र वेगळं. त्यात प्लास्टिकची खोल घसरगाडी असते, तिच्यावर खुर्च्या बसवलेल्या असतात, आणि तिला धातूच्या नळ्यांची चौकट जोडलेली असते. बसल्या जागेवरून कापड डोक्यावरून पुढे ओढलं की तंबू तयार. मिनेसोटाच्या डेव्ह गेंझ यांनी १९८०च्या दशकात ही कल्पना रूढ केली, आणि बर्फावरचा मच्छीमार एका भोकापाशी गारठत बसायचा तो दिवसभर जागा बदलत हिंडू लागला. या सोयीचा मोबदला वजनात द्यावा लागतो : एकट्याचा तंबू तीस-चाळीस किलोंचा, दोघांचा साठ-सत्तरचा. शिवाय घसरगाडीतच बर्फाचं गिरमिट, हीटर आणि बादल्या ठेवून देण्याचा मोह कुणाला आवरत नाही.

आता छताकडे वळू. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात छत म्हणजे स्लॅब. स्लॅब ओततानाच सळयांत अडकवलेल्या कड्यांना झोपाळा टांगायचा आणि त्यावर दोन-तीन माणसांनी खुशाल झोके घ्यायचे, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उत्तर अमेरिकेतल्या गॅरेजचं छत मात्र निराळीच चीज आहे. खालून दिसतो तो जेमतेम अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता, म्हणजे ड्रायवॉल. तो स्वतःचं वजन पेलतो, तेवढंच पुष्कळ. पोकळ भिंतीसाठी मिळणारे फुलपाखरी बोल्ट त्यात बसतात, घट्टही वाटतात. पण भिंतीवरच्या तसबिरीसाठी ठीक असलेली ही सोय डोक्यावरच्या वजनाला अजिबात चालत नाही. खरा आधार तक्त्याच्या वर असतो : बहुधा दर २४ इंचांवर उभे केलेले लाकडी ट्रस, म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेतल्या कैच्या. ट्रसची खालची आडवी तुळई बहुतेक वेळा ‘दोन बाय चार’ची असते, आणि रंधा मारल्यावर ती प्रत्यक्षात दीड इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच उरते. जुन्या, घरापासून सुट्या गॅरेजांत ट्रसऐवजी वासे असतात, आणि समोरासमोरच्या भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून लांब लांब अंतरावर आडवी लाकडं ठोकलेली असतात. त्यांचं काम भिंतींना धरून ठेवण्याचं. सामान पेलण्याचा विचार ती ठोकताना कुणी केलेला नसतो. गॅरेजवर राहती खोली असेल तर मात्र वर ट्रसची नाजूक तुळई नसते, जमिनीचे भक्कम जॉइस्ट असतात, आणि पुढचं गणित बरंच सैल होतं.

ट्रसवर किती भार धरलेला असतो, हे गुपित नाही. ज्या माळ्यावर सामान ठेवायचं नाही त्यासाठी अमेरिकेची निवासी बांधकाम संहिता दर चौरस फुटाला १० पौंड, म्हणजे साडेचार किलो भार धरायला सांगते. थोडंफार सामान ठेवायचं असेल तर त्याच्या दुप्पट. गॅरेजवरचे ट्रस साधारणपणे पहिल्या हिशेबात मोडतात. दोन गाड्यांच्या, २४ फूट रुंदीच्या गॅरेजात साध्या ट्रसची खालची तुळई तिरप्या लाकडांच्या जोडांमुळे आठ-आठ फुटांच्या तीन भागांत वाटली जाते. दोन ट्रसमधलं अंतर दोन फूट धरलं तर एका भागाच्या वाट्याला १६ चौरस फूट येतात, म्हणजे सुमारे ७२ किलो. आकडा ऐकून हायसं वाटतं, पण हे ७२ किलो त्या आठ फुटांवर सारखे पसरलेले धरले आहेत. तेच वजन मधोमध एका हुकाला लटकवलं की चित्र बदलतं. दोन टोकांना टेकलेल्या तुळईच्या साध्या गणितात मध्यावर टांगलेले ३६ किलो आणि सारखे पसरलेले ७२ किलो तुळईला वाकवण्याचा सारखाच जोर लावतात. म्हणजे दोन जोडांच्या मध्ये लावलेला एकच हुक ३६ किलोंतच त्या भागाची सगळी शिल्लक संपवतो. खरी तुळई सलग असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी सवलत मिळेल. पण त्याच तुळईला आधीच दार उघडायची मोटर, दिवे, एखादी शिडी, वरचा उष्णतारोधक थर असं काहीबाही लागलेलं असतं, हेही विसरू नये. आपल्या घराच्या ट्रसचं रेखाचित्र हाती असेल, आणि नव्या घरांत ते बिल्डरकडून मिळू शकतं, तर त्यावर खालच्या तुळईचा भार छापलेला असतो. अंदाज बांधण्यापेक्षा तो पाहणं केव्हाही चांगलं.

इथे हमखास एक आक्षेप येतो : हे छत हिवाळ्यात एवढं बर्फ पेलतं, त्याला पन्नास-साठ किलोंचं काय? मिनेसोटात घरं बांधताना जमिनीवरच्या बर्फाचा भार दक्षिणेकडे दर चौरस फुटाला ५० पौंड आणि उत्तरेकडे ६० पौंड धरतात, म्हणजे अनुक्रमे तेवीस आणि सत्तावीस किलोंच्या आसपास. आकडा खराच मोठा आहे. पण बर्फ बसतो तो ट्रसच्या वरच्या, तिरप्या लाकडांवर. तिथून तो भार त्रिकोणांमधून भिंतींकडे उतरतो. त्या वेळी खालची तुळई दोन्ही टोकांकडून ताणली जात असते, वाकत नसते. हुकाला टांगलेलं वजन तिला वाकवतं. ताण आणि वाक ही लाकडाची दोन वेगळी दुखणी आहेत, एकातली ताकद दुसऱ्यात जमा धरता येत नाही. शिवाय खालच्या तुळईसाठी धरलेले ते १० पौंड बर्फाच्या पूर्ण भारासोबत एकाच वेळी येतील असं ट्रसच्या आराखड्यात सहसा धरलेलं नसतं. आपल्या सुदैवाने तंबू वर असतो तो उन्हाळ्यात, आणि बर्फ पडतो तेव्हा तो तळ्यावर असतो. म्हणून ही अडचण बरीचशी आपोआप टळते. फक्त ऑक्टोबर संपेपर्यंत तरी तंबू खाली उतरवलेला असावा. १९९१ साली हॅलोवीनच्या दिवशी सुरू झालेल्या हिमवादळाने मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरावर २८.४ इंच बर्फ टाकला होता. तिथला हिवाळा पंचांग पाहून येत नाही.

दुसरा आक्षेप रॅक विकत घेतलेल्यांचा. छताला टांगायची चार बाय आठ फुटांची लोखंडी मांडणी मिळते आणि तिच्या खोक्यावर ६०० पौंडांसारखा आकडा ठळक छापलेला असतो. हा आकडा त्या मांडणीचा, तुमच्या घराचा नव्हे. मांडणीचे लोखंडी पाय कितीही दणकट असोत, ते ज्या लाकडात घुसतात त्याची कुवत कारखान्यात बसून कुणी तपासलेली नसते. तिसरा आक्षेप शेजाऱ्याचा दाखला देतो : त्याने वर्षानुवर्षं टांगलं आहे, काही झालं नाही. लाकूड एका दिवसात हार मानत नाही. कायमच्या वजनाखाली ते हळूहळू झुकत जातं, स्क्रूभोवतीचे तंतू दबत जातात, आणि हे होत असताना खालून पाहणाऱ्याला फार तर तक्त्यावरची एक बारीक चीर दिसते. शेजाऱ्याचं छत टिकलं याचा अर्थ त्याचं वजन कमी होतं, किंवा जागा योग्य होती, किंवा अजून वेळ आलेली नाही. यातलं नेमकं काय, हे त्याच्या गॅरेजात उभं राहून कळत नाही.

म्हणून टांगायचं असेल तर वजन पसरवायचं, हा सगळ्या कामाचा गाभा. ट्रसना काटकोनात जाणारी, तीन किंवा चार ट्रसना जोडणारी ‘दोन बाय चार’ची किंवा ‘दोन बाय सहा’ची दोन लाकडं छताला खालून लावावीत आणि हुक त्या लाकडांना लावावेत, थेट छताला नव्हे. अशाने एका तुळईवरचं वजन तीन-चार तुळयांत वाटलं जातं. जागा निवडताना गॅरेजच्या मधल्या पट्ट्यापेक्षा भिंतीजवळची निवडावी. तिथे तुळईला वाकवणारा जोर कमी असतो, आणि खाली गाडीचं नाक येतं, माणसांच्या येण्याजाण्याची वाट येत नाही. लाकूड पक्कं करायला सोळा भागांत पाच, म्हणजे ५/१६ इंच जाडीचे लॅग स्क्रू पुरेसे होतात. अशा स्क्रूचा एक इंच आटा नरम लाकडात नीट मधोमध बसला तर सरळ ओढीला तो सुमारे २०० पौंड, म्हणजे नव्वदेक किलो धरतो. दोन इंच आटा आत गेला की स्क्रूची चिंता उरत नाही. खालचं लाकूड दीड इंच आणि तक्ता अर्धा इंच धरला तर स्क्रू किमान चार इंच लांब हवा. अपयश येतं ते स्क्रू कमजोर असल्यामुळे नव्हे, नेम चुकल्यामुळे. तुळई दीड इंच रुंद; स्क्रू मध्यापासून अर्धा इंच जरी सरकला तरी तो कडेला लागतो, लाकूड चिरतं, आणि खालून मात्र सगळं घट्ट वाटतं. तेव्हा लाकूड शोधायच्या यंत्रावर एकदाच विसंबू नये. बारीक खिळ्याने दोन्ही कडा शोधाव्यात, मध्य आखावा, आणि ३/१६ इंचाचं भोक आधी पाडून मगच स्क्रू फिरवावा. ट्रसच्या जोडांवर दातेरी लोखंडी पत्रे असतात. तिथे भोक पाडायचं नाही. आणि मोटर टांगलेल्या पट्ट्या किंवा दाराचे रूळ आयते दिसतात म्हणून त्यांना काही अडकवायचं नाही. ते दाराचं वजन आणि धक्के यांसाठी बसवलेले असतात. घराला लागून असलेल्या गॅरेजचा जिप्सम तक्ता आग रोखण्यासाठीही असतो, तेव्हा फसलेली भोकं मोकळी न सोडता जॉइंट कंपाउंडने बुजवावीत.

वर चढवताना कप्पी वापरायची हे उघड आहे, कारण दुसरा मार्ग धोक्याचा आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या उचलण्याच्या सूत्रात सगळं काही अनुकूल असतानाही एका माणसासाठी धरलेलं वजन २३ किलो आहे, आणि शिडीवर उभं राहून डोक्यावर काही ढकलणं याला अनुकूल म्हणता येणार नाही. शिडीवर तीन अवयव टेकलेले हवेत, म्हणजे ओझ्यासाठी एकच हात उरतो. पण कप्पीचीही एक बाजू आहे जी खोक्यावर लिहिलेली नसते. छताला एक कप्पी, दोराच्या एका टोकाला ४० किलोंचा बोजा आणि दुसरं टोक तुम्ही खाली ओढताय. तुम्हालाही ४० किलोंचाच जोर लावावा लागतो, आणि छतावरच्या हुकाला दोन्ही बाजूंची ओढ बसते, म्हणजे जवळजवळ ८० किलो. दोर भिंतीवरच्या खुंटीला खाली बांधून ठेवला तर ही दुप्पट ओढ आठ महिने तशीच राहते. बोजासोबत वर जाणारी आणखी एक कप्पी घेतली तर तुमची ओढ निम्म्यावर येते आणि छतावरची दीडपटीवर. यासाठी उचलणं आणि धरून ठेवणं ही दोन कामं वेगळी ठेवावीत. कप्पीने वर न्यायचं, आणि वर पोचल्यावर रुंद पट्टे तंबूखालून घेऊन थेट लाकडातल्या हुकांना अडकवायचे, मग दोर सैल सोडायचा. पट्टे पॉलिएस्टरचे असावेत. नायलॉन ताणून लांबतो, आणि रबरी दोऱ्यांचा तर इथे विचारही करू नये. पिशवीच्या मुठींना धरून टांगणं हाही सोपा वाटणारा चुकीचा मार्ग. त्या मुठींची शिवण गाडीपासून तळ्यापर्यंतच्या चालीसाठी घातलेली असते. दोन टोकांपासून एकेक फूट आत पट्टे घ्यावेत म्हणजे पिशवी मधे झोळत नाही. टांगण्याआधी गॅरेजचं दार पूर्ण उघडून पाहावं : उघडं दार छताखाली आडवं येतं, आणि मोकळी वाटलेली जागा नेमकी त्याचीच असू शकते.

मग फ्लिप-ओव्हर का नको? चार ट्रसवर वजन पसरलं तर ६५ किलोही कागदावर बसतात, हे मान्य. अडचण कागदाच्या पलीकडे आहे. बाजारातले बरेचसे हाताने ओढायचे लिफ्ट सायकली किंवा कयाकसाठी बनवलेले असतात, आणि त्यांच्या कमाल आकड्याजवळ सतत राबवायचं म्हणजे चूक करायला जागाच उरत नाही. दोन कप्प्या एकाच ट्रसला लागतात, दोराची ओढ वजन वाढवते, आणि घसरगाडीच्या तळाशी वितळायचा राहिलेला बर्फ आणखी दोन-चार किलोंची भर घालतो. त्यातून काही सुटलंच, तर दोन मीटर खाली येईपर्यंत बोजाचा वेग तासाला २२ किलोमीटरच्या वर गेलेला असतो, आणि ६५ किलो त्या वेगाने गाडीच्या काचेवर किंवा माणसावर येतात. शिवाय पॉलिथिलीनची गाडी उन्हाळाभर दोन अरुंद पट्ट्यांवर लोंबकळत ठेवली तर त्या जागी ती कायमची वाकते. यापेक्षा मजबूत मार्ग सोपा आहे. गाडी तिच्या लांब कडेवर उभी करावी, जमिनीपासून अर्धा फूट वर भिंतीच्या उभ्या लाकडांना पक्क्या केलेल्या दोन लोखंडी ब्रॅकेटवर टेकवावी, आणि वरून एका पट्ट्याने भिंतीशी बांधावी. जागा जेमतेम दीड-दोन फूट जाते, आणि उतरवायला शिडी लागत नाही. तीस-पस्तीस किलोंचा एकट्याचा तंबू वर न्यायचाच असेल तर रिकामा करून, चार ठिकाणी आधार देऊन आणि दोघांनी मिळून न्यावा.

वजनाइतकाच महत्त्वाचा, आणि घाईत नेहमी राहून जाणारा मुद्दा ओलीचा. तंबू परत येतो तो मार्चमध्ये, जेव्हा रात्री गॅरेजचं तापमान अजून शून्याखाली असतं. कापड हाताला कोरडं लागतं, पण ते कोरडं नसून गोठलेलं असतं. खालची झालर, म्हणजे वारा अडवायला बर्फात पुरलेली कापडाची पट्टी, गाळ आणि बर्फ धरून ठेवते. शिवणींत आणि कोपऱ्यांतल्या खिशांत पाणी साचतं. अशा अवस्थेत पिशवीत घालून वर टांगलेला तंबू मे महिन्यात उबतो आणि आतल्या आत बुरशी धरतो. ओलं कापड वाळायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांहून जास्त वेळ लागला की बुरशीला वाव मिळतो, आणि पिशवीत तर ते आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. तेव्हा वर न्यायची घाई एप्रिलपर्यंत थांबवावी. एखाद्या कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी तंबू ड्राइव्हवेवर पूर्ण उभा करावा, खिडक्या काढाव्यात, झालर धुऊन उलटी वाळवावी. तिच्यात अडकलेलं तळ्यातलं शेवाळ-गवतही तेव्हाच काढून टाकता येतं, म्हणजे पुढच्या मोसमात एका तळ्याची घाण दुसऱ्या तळ्यात जात नाही. खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिक उन्हाळ्यात छताखालच्या उष्णतेत मऊ होऊन एकमेकांना चिकटतं आणि थंडीत घडीवर तडकतं; त्या वेगळ्या, सपाट, मधे कागद घालून घरात ठेवाव्यात. हिवाळ्यात, दोन फेऱ्यांच्या मधल्या आठवड्यात, तंबू वर टांगू नये. तो ओला असतो, गाडीच्या टपावर ठिबकतो, आणि तक्त्यावर डाग पाडतो.

उंदरांपासून बचाव होतो, हा टांगण्याचा सगळ्यात मोठा फायदा सांगतात, आणि तो अर्धाच खरा आहे. घरातला उंदीर पाव इंचाच्या फटीतून आत येतो, खडबडीत भिंतीवर सरळ चढतो, आणि ताणलेल्या दोरावरून चालत जातो. भिंतीवरच्या खुंटीला बांधलेला कप्पीचा दोर म्हणजे त्याच्यासाठी बांधून दिलेला रस्ताच. धरून ठेवण्याचं काम पट्ट्यांवर सोपवून दोर काढून घेण्याचं हे दुसरं कारण. टांगलेला तंबू भिंतीपासून हातभर दूर असावा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उंदराला वर यायचं कारण ठेवू नये. तंबूच्या खिशांत राहिलेले सूर्यफुलाच्या बियांचे तुकडे, आमिषाची डबी, बिस्किटांचा चुरा हे सगळं झटकून काढावं, पिशवीची चेन शेवटपर्यंत लावावी, आणि दाराखालची रबरी पट्टी फाटली असेल तर बदलावी. डांबराच्या गोळ्या पिशवीत टाकण्याची आपल्याकडची सवय इथे नको : त्यांचा वास कापडात मुरतो आणि डिसेंबरात बंद तंबूत हीटर लावून बसल्यावर तो श्वासात येतो. जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरात एकदा टॉर्च घेऊन वर पाहणं पुरे. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूने झाडू नयेत. उत्तर अमेरिकेतला हरणउंदीर हंता विषाणू पसरवू शकतो, म्हणून आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून, पाच मिनिटं थांबून, हातमोजे घालून पुसावं.

तंबूसोबत काय वर जाऊ नये, तेही पाहून घ्यावं. हीटरला जोडलेला प्रोपेनचा छोटा सिलिंडर काढून घराबाहेर, सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. वर गळला तरी तो खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो, आणि काही गॅरेजांत पाणी तापवायच्या यंत्राची ज्योत तिथेच आसपास असते. गिरमिटाची बॅटरी आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राची बॅटरी घरात आणावी. छताखालची उन्हाळ्यातली उष्णता त्यांचं आयुष्य कमी करते. बर्फात रोवायचे लोखंडी स्क्रू टोकदार असतात, ते पिशवीत राहिले तर कापडाला भोक पाडतात आणि खाली पडले तर माणसाला. भाड्याच्या घरात किंवा सोसायटीच्या टाउनहाउसमध्ये छताला भोक पाडण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. ती नसेल तर जमिनीवर उभी राहणारी, वरच्या टोकाला भिंतीशी बांधलेली लोखंडी मांडणी घेऊन तंबू तिच्या वरच्या फळीवर ठेवावा. उंची तेवढीच मिळते, आणि वजन थेट जमिनीत जातं.

ऑक्टोबरमध्ये उतरवताना चढवण्याचा क्रम उलटा करावा : गाडी बाहेर, मुलं घरात, दोर ताणून वजन कप्पीवर घेतलं की मगच पट्टे सोडायचे, आणि सोडताना बोजाखाली कुणी उभं राहायचं नाही. त्याच वेळी लाकडाशी तक्त्यावर चीर गेली आहे का, स्क्रूचं डोकं बाहेर आलं आहे का, आणि पट्ट्यांच्या शिवणीचे धागे सुटले आहेत का, ते बघून घ्यावं. रिकामे पट्टे हुकांवर लोंबकळत ठेवू नयेत. हिवाळ्यात गाडीच्या टपावरची पेटी किंवा अँटेना त्यांत अडकते. ते गुंडाळून तंबूच्या पिशवीतच ठेवले की एप्रिलमध्ये शोधाशोध करावी लागत नाही.